स्लो सॉफ्टवेअर आणि ‘रॅम वाढवा’चा सल्ला

दुकानदार, पतसंस्था, लॅबवाले यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक सल्ला फिरत असतो: ‘सॉफ्टवेअर मुख्य कॉम्प्युटरवर पटकन चालतं आणि दुसऱ्यावर रखडतं, म्हणजे प्रोग्रॅम आणि डेटाबेस ठीक आहेत, दोष त्या दुसऱ्या कॉम्प्युटरचा. रॅम वाढवा, एसएसडी टाका. नाहीच जमलं तर मोठा सर्व्हर घ्या.’ यापायी लोकांचे कष्टाचे पैसे वाया गेलेले मी पाहिले आहेत.

‘मुख्य कॉम्प्युटरवर पळतो, म्हणजे प्रोग्रॅम ठीक.’ मुख्य कॉम्प्युटरवर डेटाबेस त्याच डब्यात असतो, त्यामुळे प्रोग्रॅमने कितीही हेलपाटे घातले तरी ते जाणवत नाहीत. समजा, यादी उघडताना तो आधी ५०० बिलं मागतो आणि मग प्रत्येक बिलासाठी ग्राहकाचं नाव वेगळ्या क्वेरीने (डेटाबेसला केलेल्या विचारणेने) मागतो. झाल्या ५०१ फेऱ्या. वायफायवर एका फेरीला १० मिलिसेकंद धरले, तरी पाच सेकंद नुसत्या जाण्यायेण्यात गेले. नवा प्रोसेसर ही वाट कमी करत नाही. बिलं आणि नावं एकाच क्वेरीत, जॉइन करून (दोन्ही टेबलं जोडून) मागवली की काम होतं, आणि ते सॉफ्टवेअरवाल्यानेच करायचं आहे. खात्री करायची असेल तर रखडणारा कॉम्प्युटर एक दिवस मुख्य कॉम्प्युटरशेजारी, केबलने जोडून चालवून बघा.

‘रॅम वाढवा.’ कुठली रॅम? टास्क मॅनेजरमध्ये मेमरी काठोकाठ भरलेली दिसत असेल तर जरूर वाढवा. पण सर्व्हरवर, म्हणजे डेटाबेस असलेल्या मुख्य कॉम्प्युटरवर, मायक्रोसॉफ्टच्या ‘एसक्यूएल सर्व्हर’ या डेटाबेसची फुकट एक्स्प्रेस आवृत्ती असेल, तर २०१९ आणि २०२२ च्या आवृत्त्या रॅममध्ये डेटा धरून ठेवायला जेमतेम १,४१० एमबी वापरतात. ८ जीबीची ३२ केली तरी ही मर्यादा हलत नाही. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसमध्ये इनोडीबीचा बफर पूल, म्हणजे रॅममध्ये डेटा धरून ठेवायची जागा, मुळात १२८ एमबीवर असतो. सेटिंग कुणी बदललं नसेल, तर नवी रॅम त्याच्या वाट्याला येतच नाही.

‘मोठा सर्व्हर घ्या.’ सर्वांत जास्त वाईट मला या खर्चाचं वाटतं. बऱ्याच लहान ऑफिसांत डेटाबेस म्हणजे शेअर केलेल्या फोल्डरमधली मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसची फाइल असते. तिथे सर्व्हर फक्त फाइल सांभाळतो, क्वेरी चालते ती प्रत्येकाच्या स्वतःच्या कॉम्प्युटरवर. योग्य इंडेक्स (नोंद पटकन शोधून देणारी सूची) नसेल तर अख्खं टेबल वायरीतून ओढलं जातं. ‘एकटा असलो की पळतं, दुसऱ्याने उघडलं की रखडतं’ ही तक्रार तर या फाइलची ओळखच आहे. प्रोग्रॅम दर वेळी कनेक्शन उघडतो, बंद करतो, आणि तितक्या वेळा लॉक फाइलशी (कोण कोण आत आहे ते नोंदवणाऱ्या फाइलशी) झटापट होते. सुरुवातीला एक कनेक्शन उघडून शेवटपर्यंत तसंच ठेवलं की बहुतेकदा फरक लगेच दिसतो, तोही बिनखर्चाचा. केबलही बघा. गिगाबिटला तारांच्या चारही जोड्या लागतात. एखादी तुटली की जोडणी गुपचूप १०० एमबीपीएसवर उतरू शकते. विंडोजच्या नेटवर्क स्टेटसमध्ये तो आकडा दिसतो.

‘क्वेरी हाताने चालवली, झटकन आली, म्हणजे डेटाबेस ठीक.’ हा निष्कर्ष भल्याभल्यांना फसवतो. एसक्यूएल सर्व्हरच्या मॅनेजमेंट स्टुडिओत, म्हणजे क्वेरी हाताने चालवायच्या साधनात, ‘अरिथअबॉर्ट’ (आकडेमोडीत चूक आली की क्वेरी थांबवणारं) हे सेटिंग मुळात चालू असतं, मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटवर लिहिलेल्या प्रोग्रॅमच्या कनेक्शनमध्ये सहसा बंद. त्यामुळे दोघांसाठी क्वेरीचे आराखडे (डेटा कोणत्या वाटेने शोधायचा ते) वेगवेगळे साठवले जातात. तुम्ही ताजा, चांगला आराखडा पाहता आणि प्रोग्रॅम भलत्याच ग्राहकाच्या आकड्यावरून बेतलेल्या जुन्या आराखड्यात अडकलेला असतो. म्हणून प्रोग्रॅममध्येही ते सेटिंग चालू करून मोकळं होऊ नका; त्याने प्रोग्रॅम पळू लागला तरी तो गुण सेटिंगचा नसून नव्या आराखड्याचा असतो. स्टॅटिस्टिक्स (डेटा कसा आहे याचे डेटाबेसने ठेवलेले अंदाज) आणि इंडेक्स तपासा.

‘एसएसडी टाका.’ सर्व्हरवर, जिथे डेटा लिहिला जातो तिथे, जरूर. ७,२०० आरपीएमची डिस्क सेकंदाला १२० फेरे घेते आणि प्रत्येक कमिटला, म्हणजे नोंद पक्की करताना, डेटा खरोखर लिहिला जाईपर्यंत थांबावं लागतं. पण हजार नोंदींसाठी हजार वेगळी ट्रान्झॅक्शन्स (एकदम पक्के होणारे गठ्ठे) करणारा प्रोग्रॅम असेल, तर त्या सगळ्या नोंदी एका ट्रान्झॅक्शनमध्ये घालायला आधी सांगा. काउंटरवरच्या कॉम्प्युटरमध्ये टाकलेली एसएसडी विंडोज लवकर सुरू करेल, सर्व्हरवरची बिलांची यादी नाही.