बिटकॉइनचा व्यवहार कुणाला दिसत नाही? सगळ्यांना दिसतो

‘बिटकॉइन घ्या. सरकारला काही दिसत नाही, जप्त करता येत नाही, बँकेसारखं गोठवता येत नाही. वॉलेट ॲपनं दिलेल्या बारा गुप्त शब्दांचा फोटो काढून ठेवला की झालं.’ हा मेसेज फिरत फिरत घरच्या ग्रुपवर आला आणि मावशीनं ‘पैसे टाकू का?’ असं विचारलं. आता गप्प बसणं शक्य नाही.

‘काही दिसत नाही’ हे धादांत खोटं आहे. 2009 पासूनचा प्रत्येक व्यवहार, रकमेसकट, बिटकॉइनच्या सार्वजनिक नोंदवहीत कुणालाही उघडून बघता येतो. त्यात नाव नसतं, पत्ता असतो, म्हणजे खाते क्रमांकासारखी अक्षर-आकड्यांची ओळ. पण समजा, तुमच्या एका पत्त्यावर 0.5 आणि दुसऱ्यावर 0.3 बिटकॉइन आहेत आणि कुणाला 0.7 द्यायचे आहेत. वॉलेट, म्हणजे बिटकॉइन सांभाळणारं ॲप, दोन्ही पत्ते एकाच व्यवहारात ओढतं. 0.7 तिकडे जातात, फी वजा जाता उरलेले सुट्टे तुमच्याच नव्या पत्त्यावर परत येतात. बघणाऱ्याला कळतं की पहिल्या दोघांचा मालक एक, आणि तिसराही बहुधा त्याचाच. यातल्या एका जरी पत्त्यावर तुम्ही ओळखपत्र देऊन उघडलेल्या एक्स्चेंजच्या (बिटकॉइन खरेदी-विक्रीच्या कंपनीच्या) खात्यातून पैसे आले असतील, तर तिन्हींवर तुमचं नाव लागलं. बिटकॉइनचा निर्माता सातोशी नाकामोतो याच्या 2008 च्या मूळ निबंधातच, गोपनीयतेच्या दहाव्या भागात, एकत्र ओढलेल्या पत्त्यांचा मालक एक हे उघड होणं टळणार नाही असं स्पष्ट लिहिलं आहे. निबंध नऊ पानांचा आहे. मेसेज पुढे ढकलण्याआधी तेवढा तरी वाचा.

जप्तीचं म्हणाल तर 2016 मध्ये बिटफिनेक्स एक्स्चेंजमधून 1,19,754 बिटकॉइन चोरीला गेले. 2022 मध्ये अमेरिकी तपासयंत्रणांनी त्यातले 94,000 हून जास्त जप्त केले. त्यासाठी बिटकॉइनचं कूटगणित, म्हणजे सांकेतिक कुलूप, फोडावं लागलं नाही; किल्ल्या, म्हणजे पैसे खर्च करायला लागणारे गुप्त आकडे, आरोपीच्या ऑनलाइन खात्यातल्या फाइलमध्ये सापडल्या. आणि हा मेसेज लोकांना बारा शब्दांचा फोटो काढायला सांगतो! फोनमधले फोटो बहुतेकांचे आपोआप क्लाउडवर चढतात. त्या शब्दांतूनच किल्ल्या तयार होतात; ते शब्द ज्याच्या हाती, पैसे त्याचे.

किल्ली स्वतःकडे असेल तर मधला कुणी व्यवहार अडवू शकत नाही, एवढं मान्य. पण एक्स्चेंजवर ठेवलेले बिटकॉइन खात्याबरोबर गोठतात. टेदर हे डॉलरशी बांधलेलं दुसरं डिजिटल चलन तर त्याची कंपनीच थेट पत्त्यावर गोठवू शकते आणि गोठवतेही.

ज्यांनी फोटो काढून ठेवलाय, त्यांनी तो नुसता पुसून भागणार नाही. नवं वॉलेट उघडा, नवे शब्द क्रमानं कागदावर हातानं लिहा, आधी थोडी रक्कम पाठवून बघा, पोचली की बाकीची आजच हलवा. प्रत्येक जुन्या पत्त्यावरून वेगळा व्यवहार करा आणि दर वेळी नवा पत्ता द्या, नाहीतर हलवतानाच सगळे पत्ते एकमेकांना बांधले जातील.