"प्रोपेनची टंचाई हा निव्वळ बनाव" : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: अमेरिका स्वतः प्रोपेन (इथे घर तापवायला जाळतात तो गॅस) निर्यात करते, तेव्हा मिनेसोटा-विस्कॉन्सिनमध्ये हिवाळ्यात तुटवडा पडतो ही डीलरांची थाप आहे, "ऑगस्टमध्ये टाकी भरा" हा माझ्या लेखातला सल्ला त्यांच्याच सोयीचा आहे, तुमच्या टाकीचा काटा गॅस न वापरता 80 टक्क्यांवरून 70 वर आला, म्हणजे डीलरने मापात मारलं, आणि या सगळ्यापेक्षा विजेचे हीटर लावलेले बरे.

निर्यातीचा मुद्दा अर्धा बरोबर आहे. पण निर्यातीचं प्रोपेन टेक्सासच्या किनाऱ्यावर असतं आणि तुमचं घर तिथून दीड-दोन हजार किलोमीटरवर. 2013-14 च्या हिवाळ्यात नेमकं हेच आडवं आलं. त्या वर्षी मक्याचं पीक उशिरा आलं आणि ओलं आलं. एक बुशेल (धान्याचं अमेरिकी माप) मक्यातली ओल एका टक्क्याने उतरवायला साधारण 0.02 गॅलन प्रोपेन जळतं. 20 टक्क्यांवरून 15 वर आणायचं तर बुशेलला 0.1 गॅलन. एकरी 150 बुशेल धरले तर 500 एकरांच्या एकाच शेतकऱ्याला 7,500 गॅलन लागतात, म्हणजे 80 टक्के भरलेल्या 500 गॅलनच्या घरगुती 19 टाक्या. असे हजारो शेतकरी एकाच महिन्यात टँकर मागवत होते. त्यात कॅनडातून मिनेसोटात प्रोपेन आणणारी कोचीन पाइपलाइन (आपल्या कोचीनशी तिचा संबंध नाही) ऐन हंगामात दुरुस्तीसाठी काही आठवडे बंद राहिली, आणि पुढच्या वसंतात तिच्यातून प्रोपेन येणं कायमचं थांबलं. मग जानेवारीची थंडी आली. कॅन्ससमधल्या कॉनवे या प्रोपेनच्या बाजारकेंद्रात घाऊक भाव गॅलनला 4 डॉलरच्या वर गेला, तेव्हा टेक्सासमधल्या माँट बेल्व्यू या दुसऱ्या केंद्रात तो निम्म्याहून कमी होता. माल होता, पण नळी आणि टँकर नव्हते. शेवटी 7 फेब्रुवारी 2014 रोजी फेडरल एनर्जी रेग्युलेटरी कमिशनला आणीबाणीचा अधिकार वापरून पाइपलाइनमध्ये प्रोपेनला प्राधान्य द्यायचा आदेश काढावा लागला. डीलरांनी संधी साधली नसेल असं मी म्हणत नाही, पण त्यांनी ठरवून दोन केंद्रांतला एवढा फरक पाडता येत नाही.

आता काटा. इथे डीलर निर्दोष आहे. द्रव प्रोपेन थंडीत बरंच आकसतं. 32 अंश सेल्सियसला 80 टक्के भरलेली टाकी उणे 20 ला 70 च्या आसपास दाखवते. वजन तेच, म्हणून उष्णताही तेवढीच. टँकरचा मीटर 60 अंश फॅरनहाइटला जुळवून गॅलन मोजतो आणि तसं पावतीवर छापलेलं असतं. ते वाक्य शोधा. नसेल तर मात्र जरूर भांडा. 80 च्या वर न भरण्याचं कारणही तेच: उन्हात द्रव फुगतो, त्याला जागा हवी.

हीटरचं गणित. एका गॅलन प्रोपेनमध्ये 91,500 बीटीयू (उष्णतेचं माप), म्हणजे 26.8 युनिट वीज. 95 टक्के कार्यक्षमतेच्या फर्नेसमधून (घर तापवणाऱ्या भट्टीतून) 25.5 युनिट घरात पोचतात. वीज 16 सेंटने पडत असेल, तर साध्या स्पेस हीटरने तेवढीच ऊब मिळवायला 4 डॉलर 8 सेंट लागतील. प्रोपेन त्याहून महाग होईपर्यंत हीटर तोट्याचाच. हीट पंपाची (बाहेरच्या हवेतली उष्णता घरात ओढणाऱ्या यंत्राची) गोष्ट वेगळी: तो एका युनिटला अडीच युनिट उष्णता देत असेल तर तेच काम 1 डॉलर 63 सेंटमध्ये होतं, कडक थंडीत तो 1.8 वर घसरला तर 2 डॉलर 27 सेंट. तुमच्या बिलातला दर घालून पाहा. बऱ्याच घरांत उणे पाच-दहापर्यंत पंप आणि त्याखाली फर्नेस, अशी वाटणी परवडते.

ऑगस्टच्या सल्ल्याबद्दल तुम्ही जे टोचलंत, त्यात तथ्य आहे. आगाऊ पैसे भरून भाव बांधला आणि डीलरच बुडाला, तर तुम्ही रांगेतले साधे धनको ठरता. म्हणून सगळे पैसे आधी देऊ नका. कॅप प्राइसचा (भावाला फक्त वरची मर्यादा घालणारा) करार बघा, म्हणजे भाव उतरला तर फायदा तुमचा. त्यासाठी गॅलनमागे थोडी फी पडते. आणि टाकी भाड्याची असेल तर दुसरा डीलर सहसा ती भरत नाही, ऐन टंचाईत तुम्ही एकाच दाराशी अडकता. स्वतःची टाकी हा त्यावरचा खरा उपाय. तो मूळ लेखात मी पुरेसा ठळक लिहिला नव्हता.

एक गोष्ट मात्र करू नका. सिलिंडर संपत आला की तो गरम पाण्यात ठेवायची सवय अनेकांनी भारतातून आणली आहे. तिथल्या एलपीजीत ब्युटेन असतं आणि ते शून्याच्या आसपास उकळायचं थांबतं, म्हणून ती युक्ती चालायची. प्रोपेन उणे 42 पर्यंत उकळतं. इथे दाब कमी होतो तो टाकीतला द्रव खाली गेल्यामुळे: द्रवाला टेकलेल्या पत्र्याचं क्षेत्र घटतं, तेवढी वाफ बनत नाही आणि फर्नेस मधेच विझतो. टाकीवरचा बर्फ केरसुणीने झाडा, रेग्युलेटरच्या छिद्रावर बर्फ बसू देऊ नका, गरम पाणी किंवा ज्योत जवळ नेऊ नका. टाकी पूर्ण रिकामी झाली तर पुन्हा भरल्यावर गळती-चाचणी झाल्याशिवाय कुठलंही उपकरण पेटवू नका; तिचे पैसे डीलर वेगळे लावतो.

तुमच्या प्रतिक्रियेमुळे लेखातला एक आकडा बदलतो आहे. "काटा 20 टक्क्यांवर आला की फोन करा" असं लिहिलं होतं. 500 गॅलनच्या टाकीत 20 टक्के म्हणजे 100 गॅलन. 1 लाख बीटीयूचा फर्नेस तासाला 1.1 गॅलन खातो, दिवसात 12 तास चालला तर 13 गॅलन. शंभर गॅलन आठवडाभर पुरतात. टंचाईत टँकर दहा दिवसांनी येऊ शकतो. तेव्हा 30 टक्के.