पावसाच्या पाण्यानेही होडी बुडते

पाऊस लागला की लहान मासेमारी होड्यांबद्दल एक दावा हातोहात फिरू लागतो. होडी बुडते ती भोकाने नाहीतर लाटेने, पावसाच्या पाण्याने कधीच नाही. आत थोडं पाणी साचलेलं बरंच, फळ्या फुगून सांधे बंद राहतात. पाणी उपसणारा ऑटोमॅटिक पंप असला की होडीकडे बघायलाही जायला नको. वर ताडपत्री टाकली की प्रश्नच मिटला. लाकडाची किंवा फोम भरलेली होडी तर बुडूच शकत नाही. आणि पाण्यात असताना मोठी सर आली तर मागच्या फळीतल्या भोकाचं बूच काढा, वेग वाढवा, पाणी आपोआप निघून जाईल.

यातल्या जवळजवळ प्रत्येक वाक्यात थोडं तथ्य आहे, म्हणूनच ते पटतं. पण याच भरवशावर माणसं होडी बांधून घरी जातात, आणि काही जण अर्धवट भरलेल्या होडीतून बाहेरही पडतात. म्हणून एकेक मुद्दा तपासून बघू.

पावसाचं पाणी म्हणजे कितीसं, इथून सुरुवात करतो. एक चौरस मीटर जागेवर 1 मिलिमीटर पाऊस पडला की 1 लिटर पाणी जमतं, म्हणजे 1 किलो वजन. 6 मीटर लांब आणि 1.8 मीटर रुंद अशा उघड्या होडीची वरची जागा, नाळेकडचा, म्हणजे पुढच्या टोकाचा, निमुळता भाग धरून, साधारण 8 चौरस मीटर भरते. रात्रभरात 100 मिलिमीटर पाऊस झाला तर तिच्यात 800 लिटर पाणी येतं. 800 किलो म्हणजे अकरा-बारा मोठी माणसं. एवढी माणसं त्या होडीत रात्रभर बसवून ठेवायला कोणीही तयार होणार नाही.

यावर एक उत्तर ठरलेलं असतं: आत पाणी, बाहेरही पाणी, मग वजन कसलं? होडी तरंगते ती तिने बाजूला सारलेल्या पाण्याच्या जोरावर. आत आलेला प्रत्येक लिटर तिला आणखी एक लिटर पाणी बाजूला सारायला लावतो, म्हणजे तेवढी ती खाली बसते. समुद्राचं पाणी पावसाच्या पाण्यापेक्षा जेमतेम अडीच टक्के जड असतं. त्या फरकाने काही वाचत नाही.

शिवाय ते वजन सगळीकडे सारखं बसत नाही. इंजिन मागे, टाकी मागे, बॅटरी बहुतेक वेळा मागेच. त्यामुळे पाणी मागच्या कोपऱ्यात गोळा होतं, मागची बाजू दबते, आणि ती दबली की उरलेलं पाणीही तिकडेच धावतं. होडीचा सगळ्यात बुटका भागही नेमका तोच. लहान शाफ्टच्या आउटबोर्ड, म्हणजे बाहेरून टांगायच्या, इंजिनासाठी मागची फळी जिथे कापलेली असते तिथे तिची तळापासूनची उंची साधारण 38 सेंटिमीटर असते. त्यातली 15 एक सेंटिमीटर आधीच पाण्याखाली. मागची बाजू आणखी वीतभर खाली गेली की जवळून गेलेल्या बोटीची साधी लाटसुद्धा आत येते. पुढचं काम मग पाऊस करत नाही, लाट करते. सकाळी होडी बुडालेली दिसते आणि दोष लाटेला जातो.

पाणी मोकळं असणं हा वेगळाच धोका. पोती किंवा क्रेट ठेवले तर ते जागचे हलत नाहीत. पाणी मात्र होडी कलली त्याच बाजूला पळतं आणि कल वाढवतं. त्याचा परिणाम पाण्याच्या पसाऱ्याच्या रुंदीच्या घनाप्रमाणे वाढतो. म्हणूनच मधोमध, होडीच्या लांबीच्या दिशेने, एक उभी फळी असली तर तो एक चतुर्थांशावर येतो. पायाचा घोटा बुडेल एवढ्या पाण्यातही, जाळं ओढायला दोघं एका काठावर गेले की होडी उलटायला तेवढं पुरतं. खोल पाण्यापेक्षा हे रुंद पसरलेलं उथळ पाणी मला जास्त भीतीदायक वाटतं, कारण त्याकडे कोणी लक्षच देत नाही.

फळ्या फुगण्याचा मुद्दा अर्धा बरोबर आहे. उन्हात फार दिवस सुकलेल्या लाकडी होडीचे सांधे उघडतात, आणि पाण्यात सोडल्यावर फळ्या फुगून ते मिटतात. पण ते काम बाहेरचं पाणी करतं. आत साचलेलं पावसाचं पाणी गोडं असतं, आणि गोड्या पाण्यात लाकूड कुजवणारी बुरशी खाऱ्यापेक्षा जास्त माजते. आडव्या वाशांच्या मुळाशी, जिथे वारा लागत नाही, तिथे सुरीचं टोक टोचून बघा. लाकूड मऊ लागलं तर समजा कूज सुरू झाली आहे.

आता पंप. पंपाच्या ताकदीबद्दल माझी तक्रार नाही. लहान पंपावरही तासाला 1900 लिटरच्या आसपास आकडा लिहिलेला असतो. पाणी वर चढवताना आणि नळीच्या वळणांतून जाताना तो निम्म्यावर आला, तरी वर सांगितलेलं 800 लिटर पाणी तासाभरात बाहेर जातं, आणि चांगल्या बॅटरीला त्याचा भारही फारसा पडत नाही. दगा होतो तो दुसरीकडेच. पंपाखालची जाळी काढून बघा: खवले, जाळ्याचे तुटके धागे, कुजलेली पानं, आणि या सगळ्याला धरून ठेवणारा ऑइलचा चिकटा. पाणी चढलं की वर तरंगून पंप सुरू करणाऱ्या फ्लोट स्विचखाली माशाचा एखादा काटा अडकला की तो वर उचललेलाच राहतो. पंप मग कोरडाच चालतो, आणि 3 अँपिअर ओढणारा पंप चोवीस तासांत 72 अँपिअर-तास पिऊन बॅटरी मारतो. खरा पाऊस त्यानंतर येतो. तोच स्विच खाली चिकटला तर पंप सुरूच होत नाही. वायरीच्या जोडावर हिरवा गंज दिसला तर तीही धोक्याचीच खूण. आडव्या वाशांमधली पाणी वाहायची भोकं गाळाने बुजली असतील तर पाणी पुढेच अडून राहतं आणि मागचा पंप कोरडा बसतो. म्हणून पंप आहे का, एवढं विचारून भागत नाही. बादलीभर पाणी आत ओता आणि तो स्वतःहून सुरू होऊन स्वतःहून थांबतो का ते बघा. पाऊस लागण्याआधी हे करायलाच हवं.

ताडपत्रीने फायदा होतो, पण मधे आडवी दांडी देऊन दोन्हीकडे उतार केला तरच. सपाट बांधलेल्या ताडपत्रीला खोलगा पडतो. एक चौरस मीटरच्या खोलग्यात 10 सेंटिमीटर पाणी म्हणजे 100 किलो, तेही उंचावर. ती फाटली की सगळं एकदम आत. दोरही तोकडे बांधू नका. पाणी चढलं की तोकडा दोर एक बाजू खाली धरून ठेवतो.

फोमचं म्हणणं शब्दशः खरं आहे: पुरेसा फोम असलेली होडी तळाला जात नाही. पण काठापर्यंत भरून ती तरंगत राहिली तरी इंजिन आणि बॅटरी गेलेलीच असतात, आणि अशी होडी हाताच्या धक्क्यानेही उलटते. जुना फोम पाणी पितो, तो भागच वेगळा. लाकूड तरंगतं हेही खरं, पण इंजिन, नांगर आणि ओली जाळी काही लाकडाची नसतात. अशी भरलेली होडी दिसली तर आत उडी मारू नका. धक्क्यावरूनच, नाहीतर दुसऱ्या होडीतून, आधी मागच्या बाजूचं पाणी उपसा.

राहिला बूच काढण्याचा सल्ला, आणि सगळ्यात घातक तोच. हलकी होडी वेगात पाण्यावर उचलली जाते तेव्हा मागच्या फळीचं भोक उघडं पडतं आणि पाणी बाहेर ओढलं जातं, हे खरं. पण शेकडो किलो पाणी घेतलेली होडी उचललीच जात नाही. वेग दिला की तिची मागची बाजू आणखी बसते, भोक पाण्याखाली जातं आणि पाणी आत येऊ लागतं. त्या वेळी सगळ्यांनी आधी लाइफ जॅकेट घालावं, नाळ लाटांकडे ठेवावी, इंजिन वळणापुरतंच चालू ठेवावं. माणसांनी खाली, मधोमध बसावं, आणि एकाने बादलीने उपसत राहावं. वजन कमी करायची वेळ आली तर मागचे क्रेट आणि बर्फ आधी टाकावेत. जाळं टाकू नये. ते पंख्यात अडकलं की इंजिन बंद पडतं आणि होडी लाटांना आडवी होते.