गिलक्यांची उपकारस्तुती

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, दर रविवारी उपासनेत कुणीतरी साक्ष देतं, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर उभं राहून सांगतं. नाव आठवडाभर आधी जाहीर होतं, म्हणजे माणसाला सात दिवस धास्ती. मे महिन्यातल्या एका रविवारी पाळकसाहेबांनी बायबलातल्या, पौलाने लिहिलेल्या फिलिप्पैकरांस पत्रातलं वचन काढलं, दुसरा अध्याय, चौदावी ओवी. जे काही कराल ते कुरकुर न करता करा. समजावून सांगताना त्यांनी पुढच्या बाकाकडे पाहिलं आणि तिथे दुर्दैवाने मी होतो.

"पुढच्या रविवारी आपले हे बंधू साक्ष देतील. विषय उपकारस्तुती. आठवडाभर कुरकुर करायची नाही, आणि कसं जमलं ते इथे येऊन सांगायचं."

पलीकडे बायकांच्या बाकांवरून एक खोकला आला. तो खोकला मी बावीस वर्षं ओळखतो.

पौलाने ते पत्र बेड्यांत असताना लिहिलं हे मला मान्य आहे. पण तो मे महिन्यात खानदेशात नव्हता, आणि त्याच्या कुलरची मोटर जळाली नव्हती. इथे पारा ४५ च्या पुढे गेला की कुरकुर हाच माणसामाणसातला व्यवहार होऊन बसतो. सोमवारी सकाळी सातला दूधवाला म्हणाला, "ऊन भलतंच शे भो!" यावर "हा ना भो, जीव जाई ऱ्हायना" एवढं म्हटलं की दोघांचाही दिवस सुरळीत सुरू होतो. मी म्हणालो, "देवाची कृपा आहे." तो किटलीत माप धरून माझ्याकडे बघतच राहिला. मग हळूच विचारलं, "तब्येत बरी शे ना?" संध्याकाळपर्यंत गल्लीतले दोघं मला बघायला येऊन गेले.

दुसरी गोष्ट अशी कळली की तोंड बंद केलं की कुरकुर प्रार्थनेत शिरते. मंगळवारच्या कौटुंबिक प्रार्थनेत मी डोळे मिटून अत्यंत नम्र आवाजात म्हणालो, "प्रभू, वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांना टाकी भरल्यावर मोटर बंद करायची सद्‌बुद्धी दे. तू तर पाहतोसच, पाणी किती दिवसांनी येतं आणि किती वाया जातं." मुलीने विचारलं, "पप्पा, यावर आमेन म्हणू, की ही कुरकुर म्हणून मोजू?" (प्रार्थनेच्या विनंत्या मी वर्षानुवर्षं ऐकतोय. निम्म्या याच जातीच्या असतात. पण साक्ष माझी होती, दुसऱ्यांची नाही.)

बुधवारी दुपारी ताटात गिलक्याची भाजी होती. सोमवारीही होती, मंगळवारीही होती. बाहेरच्यांसाठी सांगतो, गिलकं म्हणजे घोसाळं. कढईभर चिरावं आणि वाटीभर उरावं अशी ती मऊ, ओलसर, निरुपद्रवी भाजी. मी कुरकुर केली नाही. फक्त भाकरी मोडता मोडता म्हणालो, "हिवाळ्यात भरीत काय झालं होतं नाही आपल्याकडे!" जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, केळीलाही मिळालं. गिलक्याला कुणी विचारलं नाही, यातच सगळं आलं. पण हे मी बोललो नाही.

"गणना, अकरावा अध्याय," बायको म्हणाली आणि आत गेली.

बायबलातला तो अध्याय मला पाठ आहे. अरण्यात देवाने पुरवलेलं मान्ना नावाचं अन्न खाऊन कंटाळलेल्या इस्राएल लोकांना मिसर म्हणजे इजिप्त देशातले फुकटचे मासे आठवतात, काकड्या, खरबुजं, कांदे, लसूण आठवतात. मिसरातली वेठबिगारी तेवढी आठवत नाही. मग देव म्हणतो, मांस पाहिजे ना? महिनाभर खा, नाकपुड्यांतून निघेपर्यंत खा. आणि लावे पक्ष्यांचा ढीग पडतो.

रात्री शेवभाजी आली. भाजलेलं खोबरं, काळा मसाला, वर बोटभर लाल तर्री. मी मनापासून उपकारस्तुती केली. गुरुवारी दुपारी शेवभाजी. गुरुवारी रात्री शेवभाजी. शुक्रवारी दोन्ही वेळा. शेवभाजी थंडीत खावी, मित्रांबरोबर खावी, महिन्यातून दोनदा खावी. मे महिन्यात, लाइट गेलेली असताना, सलग पाचव्यांदा खाल्ली की नाकपुड्यांतून हा शब्द देवाने उगाच वापरला नव्हता हे पटतं. कुरकुर करायची सोय नव्हती. एक तर साक्ष, शिवाय गिलक्याऐवजी दुसरं काही मीच मागितलं होतं.

शनिवारी दुपारी शरणागती पत्करायला मी स्वयंपाकघरात गेलो. गॅसची ज्योत विझते म्हणून पंखा बंद. तिने पदराचा शेव कमरेला खोचला होता, तो ओला झाला होता. लोखंडी तव्यावर कांदा काळा होईपर्यंत भाजत ती उभी होती. दोन मिनिटांत माझा चष्मा घामाने घसरून नाकाच्या शेंड्यावर आला. मे महिन्यात दुपारी बारा वाजता मी त्या खोलीत बावीस वर्षांत किती वेळा उभा राहिलो, ते आठवायचा प्रयत्न केला. माठातलं पाणी प्यायला जायचो, तेवढंच.

"मान्ना आकाशातून पडायचा ते ठीक आहे," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "पण दळायचं कुणी?"

मी बाहेर येऊन पवित्र शास्त्रातला तोच अध्याय उघडला. आठवी ओवी. लोक तो गोळा करत, जात्यात दळत, भांड्यात शिजवत, त्याच्या पोळ्या करत. चाळीस वर्षं. हा अध्याय मला पाठ आहे असं मी समजत होतो.

रविवारी हे सगळं सांगायचं होतं. ती, तो पदर, बंद पंखा, जातं. पण माईक हातात आला, समोर पाळकसाहेब, पलीकडच्या बाकांवर ती, आणि माझा गळा असा काही दाटला की "सर्व स्थितीत उपकारस्तुती करा" यापुढे एकच वाक्य निघालं. "मी गिलक्यांबद्दल देवाचे उपकार मानतो." आणि मी रडलो.

लोक हेलावले. दोन म्हाताऱ्यांनी डोळे पुसले.

सोमवारी सकाळी दाराची कडी वाजली. मंडळीतले आप्पा, सायकलच्या हँडलला दोन पिशव्या. "भाऊ, काल तुमची साक्ष ऐकून रात्रभर झोप नाही आली. मळ्यातले ताजे आहेत. संकोच करू नका, वेल अजून दोन महिने चालेल."

मी पिशव्या घेतल्या आणि म्हणालो, "प्रभूची स्तुती असो."

आतून खोकला आला.