डुबासचं नेमकं काय चुकलं?

उत्तर अमेरिकेतल्या एनएचएल या आइस हॉकी लीगमधल्या टोरांटो मेपल लीफ्सचा विषय निघाला की एक वाक्य ठरलेलं: "चार फॉरवर्ड्सवर निम्मा पैसा उधळला, मग डिफेन्स कुठून येणार?" आकडा खरा आहे. मॅथ्यूज, टवारेस, मार्नर, नीलांडर हे चार फॉरवर्ड (आक्रमक खेळाडू) मिळून वर्षाला साधारण ४.०५ कोटी डॉलर, आणि २०१९-२० ची सॅलरी कॅप, म्हणजे एका संघाने पगारावर खर्च करायची कमाल मर्यादा, होती ८.१५ कोटी. तरी हा आरोप मला आळशी वाटतो. तिघे तर काइल डुबास लीफ्सचा जनरल मॅनेजर (जीएम, म्हणजे खेळाडू निवडणारा आणि त्यांचे करार करणारा) व्हायच्या आधीच संघात होते, आणि चौघंही अस्सल खेळाडू. डुबास गंडला तो करारांच्या क्रमात आणि मुदतीत.

२०१८ च्या मे महिन्यात खुर्ची मिळाली आणि १ जुलैला टवारेस आला. सात वर्षं, दरसाल १.१ कोटी. अख्खं शहर खूश, मीही. पण घरच्या तिघांचे करार अजून व्हायचे होते. बाहेरून आलेल्याला एवढे दिल्यावर घरचे कमी कशाला घेतील? नीलांडर दोन महिने घरी बसला. १ डिसेंबरला संध्याकाळी पाचच्या आत सही झाली नसती तर त्याचा सीझनच गेला असता, आणि मुदत संपायला काही मिनिटं उरली असताना करार झाला. ताणून धरलं की डुबास नमतो, हे बाकीच्या दोघांच्या एजंटांनी बघून ठेवलं असणारच.

मग मॅथ्यूज. माझ्या मते खरी गोची इथे आहे. रिस्ट्रिक्टेड फ्री एजंटला (करार संपला तरी ज्याच्यावर जुन्या संघाचा हक्क राहतो अशा खेळाडूला) जास्त पैसे द्यायचेच, तर बदल्यात वर्षं मागायची; आठ वर्षांपर्यंत बांधता येत होतं. डुबासने १.१६ कोटी दिले आणि मिळवली फक्त पाच वर्षं. कोलोराडो संघाने आपल्या मॅकिनन या फॉरवर्डला २०१६ मध्ये ६३ लाखांत सात वर्षांसाठी बांधलं होतं. तेव्हा तो एवढा मोठा झाला नव्हता हे मान्य, पण लवकर ओळखणं हेच तर जीएमचं काम!

कोविडमुळे कॅप गोठली, हे दुर्दैव. ते त्याच्या खात्यात टाकणं अन्याय होईल. पण लीफ्सचा फॉरवर्ड काद्री कोविडच्या आधीच, २०१९ च्या जुलैत ट्रेडमध्ये (संघांमधल्या खेळाडूंच्या अदलाबदलीत) कोलोराडोला गेला. बॉस्टनविरुद्ध लागोपाठ दोन प्लेऑफमध्ये सस्पेंड झाला होता, त्यामुळे वैताग समजू शकतो. बदल्यात आलेला डिफेन्समन बॅरी वर्षभरात निघून गेला आणि काद्रीने २०२२ मध्ये कोलोराडोकडून स्टॅनली कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, उचलला.

मार्नरच्या करारात १ जुलै २०२३ पासून त्याच्या मर्जीशिवाय ट्रेड करता येणार नाही अशी अट होती. डुबास त्याच्या जेमतेम दीड महिना आधी पदावरून गेला. पुढे २०२५ मध्ये मार्नर व्हेगासच्या संघात गेला, आणि १.०९ कोटींच्या खेळाडूच्या बदल्यात लीफ्सच्या हाती लागला एक निकोलस रॉय.