जिवाची मुंबई करा, पण रीतसर

मुंबईला चार दिवस जायचं ठरलं की पहिली गोष्ट म्हणजे आपल्याला तिथे नेमकं कुठे जायचंय, याचा विचार अजिबात करू नका. काम फोर्टात असो, लग्न ठाण्यात असो की मुलाची परीक्षा अंधेरीत. हॉटेल शोधताना फक्त 'मुंबई' टाका आणि 'दर: कमी ते जास्त' हे बटण दाबा. सगळ्यात वर जे येईल ते तुमचं. ते नालासोपाऱ्यात निघालं की कामोठ्यात, हा तपशील पोचल्यावर बघता येतो.

मुंबईत मुरलेली माणसं सांगतात की इथे राहायची जागा बघताना आधी लाइन बघावी. वेस्टर्न, सेंट्रल की हार्बर. जिथे काम तीच लाइन धरावी, म्हणजे मधे गाडी बदलावी लागत नाही. अशा माणसांच्या नादी लागू नका. तुमचं काम चर्चगेटला असेल तर खोली घाटकोपरला घ्या. सकाळी नऊच्या सुमाराला सेंट्रलच्या गाडीतून दादरला उतरून, पूल चढून, चाकांची बॅग लोकांच्या पायांवरून नेत वेस्टर्नच्या फलाटावर जायचं. उतरायची काळजी नको, ते काम मागचे लोक करतात. चढायचंही तेच बघतात. खोलीत वाचलेले तीनशे रुपये दुसऱ्या दिवसापासून टॅक्सीला उपयोगी पडतात.

ऑक्टोबर 2025 पासून भुयारी मेट्रो आरेपासून कफ परेडपर्यंत पूर्ण धावू लागली आहे. म्हणजे विमानतळाच्या बाजूला मरोळ नाक्याशी मुक्काम केला तरी दादर, गिरगाव, काळबादेवी, सीएसएमटी हे सगळं एका गाडीवर येतं, तेही एसीत बसून. पण मेट्रोचा नकाशा आधी उघडून बघणं हे नवख्या माणसाला शोभत नाही.

रिक्षाचंही तसंच. रिक्षाचं किमान भाडं 26 रुपये आणि काळ्या-पिवळ्या टॅक्सीचं 31, हे फेब्रुवारी 2025 पासूनचे दर. मात्र रिक्षा पश्चिमेला वांद्र्याच्या आणि पूर्वेला सायनच्या पुढे शहरात येत नाही. हे कुणाला विचारू नका. दादर स्टेशनबाहेर चार डाग सांभाळत उभं राहा आणि खणखणीत आवाजात "रिक्षाऽऽ" अशी हाक मारा. तुम्ही कोणत्या जिल्ह्यातून आलात हे आजूबाजूच्या दुकानदारांना लगेच कळेल आणि पुढचे व्यवहार सोपे होतील.

आता खोली. फोटोवर पूर्ण विश्वास ठेवा. फोटो काढणारा बहुधा बाथरूमच्या कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून उभा असतो, त्यामुळे खोली बॅडमिंटन खेळण्याइतकी दिसते. प्रत्यक्षात पलंगाच्या एका बाजूनं चढायचं आणि त्याच बाजूनं उतरायचं, कारण दुसरी बाजू भिंतीला टेकलेली असते. पडदा असतो, चांगला जाड, मरून रंगाचा. तो सरकवला की कधी खिडकी निघते, कधी नुसती भिंत. खिडकी निघालीच तर ती डक्टमध्ये उघडते. तिथे समोरच्या हॉटेलच्या किचनचा एक्झॉस्ट आणि एसीची सहा-सात यंत्रं एकमेकांवर गरम हवा सोडत असतात. बाथरूममध्ये निळी बादली, लाल मग, आणि साबणाची वडी अशी की ओल्या हातातून निसटली तर जाळीतून थेट गटारात. टॉवेलातून पलीकडचं दिसतं. टीव्हीचा रिमोट काउंटरवर डिपॉझिट भरून मिळतो. हे सगळं फोनवर आधी विचारता आलं असतं हे खरं. "खिडकी रस्त्याच्या बाजूला आहे का, संडास-बाथरूम आत आहे की कॉमन, गरम पाणी किती ते किती" असे तीन प्रश्न, दोन मिनिटांचं काम. पण असं विचारलं की मॅनेजरला वाटतं, गिऱ्हाईक चिकट आहे. आपली पत सांभाळा.

'स्टेशनपासून 5 मिनिटं' असं लिहिलेलं असतं. कुठल्या स्टेशनपासून, कशानं आणि रात्री किती वाजता, हे विचारणं उद्धटपणा आहे.

वेळेचा हिशोबही असाच दिलखुलास ठेवा. महालक्ष्मी, देवगिरी किंवा विदर्भ एक्सप्रेसनं सकाळीच उतरायचं आणि खोलीचं चेक-इन दुपारचं ठेवायचं. मधले तास लॉबीतल्या रेक्झिनच्या सोफ्यावर, तोंड न धुता, कालच्या पेपरात. स्टेशनात रिटायरिंग रूम असतात, त्या कन्फर्म तिकिटाच्या पीएनआरवर आयआरसीटीसीच्या साइटवरून मिळतात. मुंबई सेंट्रलच्या स्टेशनातच 2021 पासून पॉड हॉटेलही (झोपण्यापुरत्या कप्प्यांचं) आहे. कुलाब्यात ताजच्या पाठीमागच्या गल्लीत साल्व्हेशन आर्मीच्या रेड शील्ड हाउसमध्ये डॉर्मिटरी आहे. एकट्यादुकट्यानं चार तास पाठ टेकायला हे पुरेसं आहे, म्हणूनच त्याचा विचार करू नका. ताजच्या मागे राहिलो असं सांगितलं तर गावात कुणाचा विश्वास बसणार?

बुकिंग करताना पडद्यावर लाल अक्षरांत येतं, 'फक्त 1 खोली शिल्लक! आत्ता 14 जण बघत आहेत!' सरकारनं 30 नोव्हेंबर 2023 रोजी अशा 13 युक्त्यांची यादीच जाहीर करून त्यांना बंदी घातली. खोटी घाई लावणं त्यात आहे, आणि आधी एक दर दाखवून शेवटच्या पायरीवर तो फुगवणं हेही आहे. पण यादी वाचत बसाल तर ते 14 जण खोली घेऊन जातील. त्यांना हरवा. जीएसटीचंही काढू नका. 22 सप्टेंबर 2025 पासून दिवसाला 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीवर कर 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला. काउंटरवरच्या माणसानं कोऱ्या कागदावर पेनानं बेरीज करून आकडा पुढे केला तर तो मुकाट्यानं द्या. पक्की पावती मागून त्याचं मन दुखवू नका.

राहिले लोकांचे अभिप्राय. ते वाचायचे नसतात, तारे मोजायचे असतात. भारतीय मानक ब्यूरोनं नोव्हेंबर 2022 मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस 19000 हे मानक काढलं. ते ऐच्छिक आहे, आणि आपल्याकडे ऐच्छिक गोष्टीचं काय होतं ते तुम्ही जाणताच. पाच ताऱ्यांची वाक्यं सगळीकडे एकाच मुशीतली असतात. एका ताऱ्याचे लोक भांडून आलेले असतात. मधे कुठेतरी तीन तारे देणारा कंटाळलेला माणूस असतो. तो लिहितो, "पाणी 7 ते 9 येतं, लिफ्ट बंद, पण रात्री बाराला दार उघडलं." या माणसाचं मुळीच वाचू नका. त्याला त्या जागेचं सगळं खरं माहीत आहे.

एवढं सगळं करूनही पैसे जास्त वाटले तर आपला पिढीजात उपाय आहेच: डोंबिवलीची मावशी. हॉटेलला आगाऊ कळवावं लागतं, मावशीला लागत नाही. कल्याण गेल्यावर फोन केला तरी चालतो. तिचं वन बीएचके आहे, मुलाची बारावी आहे, काकांना पहाटे पाच दहाची गाडी धरायची असते, हे तिचे घरगुती प्रश्न आहेत. तुम्ही हॉलमध्ये पसरा आणि "आम्हाला काही वेगळं करू नकोस गं, साधा मासेभात चालेल" असं म्हणा. निघताना तिच्या हातावर अर्धा किलो पेढे ठेवले की चार दिवसांचा हिशोब चुकता. खोलीचं भाडं यापेक्षा स्वस्त कुठल्याच शहरात नाही.

मासेभाताचं निघालंच आहे तर ते नीट सांगतो, कारण मुंबईत यायचं आणि मासे खाताना चुकायचं नाही, हे व्हायला नको. आधी महिना निवडा. 1 जून ते 31 जुलै महाराष्ट्रात यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. बरोबर त्याच दिवसांत खाणावळीत बसून "पापलेट ताजं आहे ना?" असं विचारा. वेटर "एकदम ताजं, साहेब" म्हणेल. तो खोटं बोलत नाही, आजच सकाळी ते बर्फातून बाहेर आलेलं असतं. मग मेन्यूकार्ड उघडा. बांगडा, मांदेली, बोंबील यांच्यापुढे आकडे असतात. ते ओलांडून खाली या. पापलेट, खेकडा आणि मोठी कोलंबी यांच्यापुढे आकडा नसतो, 'ए.पी.एस.' अशी तीन अक्षरं असतात. आकारानुसार, असा त्याचा अर्थ. इथे थांबून दर विचारणारा माणूस कोकणातला असतो आणि त्याला सगळे वचकून असतात. तुम्ही विचारू नका. "मोठं आणा" म्हणा. वेटर करंगळी ते अंगठा ताणून माप दाखवेल, तुम्ही मान हलवा. आतून जे येईल ते त्या मापाचं नसेल, पण बिल असेल. शेजारच्या टेबलावर एक गृहस्थ बोंबील फ्राय, तांदळाची भाकरी आणि सोलकढी घेऊन तुमच्या निम्म्याहून कमी पैशांत तृप्त होऊन बडीशेप चघळत असेल. त्याच्याकडे बघू नका, त्याला पुन्हा ऑफिसला जायचंय.

बाकीच्या ठिकाणी फार वेळ घालवू नका. माटुंग्याला, सेंट्रलच्या स्टेशनाला लागून पहिल्या मजल्यावर, रामा नायक यांचं उडपी श्रीकृष्ण बोर्डिंग 1942 पासून केळीच्या पानावर जेवायला घालतंय. तिथे अनोळखी माणसाशेजारी बसावं लागतं आणि जेवण झालं की उठावं लागतं. सेल्फीला वेळ मिळत नाही, तेव्हा कटाप. काळबादेवीतलं ठाकर भोजनालय 1945 सालचं. तिथे ताटातली वाटी रिकामी व्हायच्या आत वाढपी हजर होतो, म्हणून जाण्याआधी रस्त्यात दोन वडापाव हाणून जा. दादरच्या आस्वादच्या मिसळीला 2015 मध्ये लंडनच्या एका स्पर्धेत जगातला सर्वांत चविष्ट शाकाहारी पदार्थ म्हणून बक्षीस मिळालं. तुम्ही कोल्हापूरचे किंवा नाशिकचे असाल तर पहिला घास घेण्याआधीच "ही कसली मिसळ!" असं चार टेबलांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणा. ते आपलं कर्तव्य आहे. पुण्याचे असाल तर हे सांगायची गरज नाही.

त्यापेक्षा हॉटेलच्या खोलीत पलंगावर बसून फोनवरून मागवा. आपल्या गावात ज्या साखळीचा पिझ्झा मिळतो त्याच साखळीचा. तो घ्यायला खाली रिसेप्शनवर जावं लागेल, एवढंच.

जेवायला बाहेर गेलातच तर वेटरचा पहिला प्रश्न येईल, "पाणी रेग्युलर की बाटली?" इथे मराठी माणसाची कसोटी लागते. बायको समोर आहे, शेजारी टापटीप माणसं बसली आहेत. "रेग्युलर" म्हणायला जीभ रेटत नाही. बाटली सांगा, दोन सांगा. शेवटी बिलात 'सर्व्हिस चार्ज 10%' अशी ओळ दिसेल. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं 4 जुलै 2022 रोजी सांगितलं की हा आकार बिलात आपोआप लावता येत नाही, तो ऐच्छिक आहे. दिल्ली उच्च न्यायालयानं 28 मार्च 2025 रोजी ते उचलून धरलं. काढायला सांगितला तर काढावा लागतो, न काढल्यास 1915 वर तक्रार करता येते. पण हे सगळं बोलायचं म्हणजे मॅनेजरला बोलवावं, त्यानं भुवई वर करावी, मुलांनी "जाऊ द्या ना बाबा" म्हणावं. त्यापेक्षा पैसे द्या आणि वर पन्नासची नोट ठेवा. रागावायचं ते टॅक्सीत.

इराण्याच्या हॉटेलात मात्र जाऊन या, नाहीतर मुंबईला गेलो होतो असं म्हणता येत नाही. धोबीतलावच्या कयानीत (स्थापना 1904) संगमरवरी टेबलावर बन मस्का आणि चहा घेऊन तासभर बसता येतं, म्हणून ते सोडा. बॅलार्ड इस्टेटचं ब्रिटानिया धरा. 1923 पासून चालू आहे, बेरी पुलाव जगप्रसिद्ध आहे, आणि ते फक्त दुपारच्या जेवणाला उघडं असतं. तेव्हा घाटकोपरहून संध्याकाळी सहाला निघा. साडेसातला बंद दारासमोर उभं राहून सहकुटुंब फोटो काढा, आणि फूटपाथवरूनच एक तारा देऊन लिहा: "सेवा अत्यंत वाईट. कोणीही विचारायला आलं नाही."