अन् चालली जपानले

बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षी मला स्टॅटिस्टिक्समध्ये ४१ मार्क होते. ही गोष्ट मी घरीसुद्धा कधी फोडली नव्हती. आईनं विचारलं की मी नुसतं 'पास झाले' म्हणायची आणि पोहे मागायची. मागच्या मंगळवारी मात्र ती परीक्षा विभागाच्या खिडकीपुढच्या अख्ख्या रांगेला कळली, खिडकीतल्या बाबूंना कळली आणि चहाची किटली घेऊन आलेल्या पोरालाही कळली. त्या पोरानं माझ्याकडं ज्या कीव आलेल्या नजरेनं पाहिलं, त्याचा मला अजून राग येतो.

झालं असं, की मला जपानला जाऊन जपानी भाषा आणि संस्कृती या विषयात एम.ए. करायचं आहे. का, ते विचारू नका. नागपुरात ते सगळ्यांचं विचारून झालंय. दिवसा मी लोकांची जीएसटी रिटर्न्स भरते आणि रात्री कांजी, म्हणजे जपानी लिपीतली अक्षरं, गिरवते. रोजच्या वापरातल्या कांजींची जपान सरकारची यादीच २,१३६ अक्षरांची आहे. जेएलपीटी ही त्यांच्या भाषेची परीक्षा एन-५ पासून सुरू होते आणि एन-१ ला संपते, म्हणजे माणूस वर चढतो आणि आकडा खाली येतो. हे बाबांना आजतागायत पटलेलं नाही. पुण्याला जाऊन मी एन-२ पास झाले, १८० पैकी ९० लागतात तिथं, तर बाबा म्हणाले, "पाचावरून दोनावर आली? अभ्यासाकडं लक्ष दे."

अर्जाच्या सूचना वाचल्या आणि जपानी संस्कृतीचा पहिला धडा घरबसल्या झाला. फोटो ४ बाय ३ सेंटिमीटर, पासपोर्ट साइज नाही. ("पासपोर्टच काढा ना मॅडम, कापून देतो," म्हणत धरमपेठेतल्या स्टुडिओवाल्यानं माझा एक कान कापला.) फॉर्म भरताना खोडता येणारं पेन चालणार नाही. व्हाइटनर चालणार नाही. आणि गुणपत्रिकेचा ट्रान्सक्रिप्ट विद्यापीठानंच लिफाफ्यात घालून, चिकटवून, झाकणाच्या जोडावर शिक्का मारून द्यायचा. उघडलेला लिफाफा बाद.

लोकांना वाटतं जपान म्हणजे रोबोट आणि बुलेट ट्रेन. अहो, शिक्क्यांचा देश आहे तो! सरकारी कागदांवरचे शिक्के कमी करा म्हणून २०२० साली तिथल्या तारो कोनो नावाच्या मंत्र्याला मोहीम काढावी लागली. फ्लॉपी डिस्कवर माहिती द्या असं सांगणारे सरकारी नियम २०२४ मध्ये रद्द झाले. फ्लॉपी! तेव्हा लिफाफा मागणारा तिकडचा बाबू आणि लिफाफा न देणारा इकडचा बाबू यांची पत्रिका छत्तीस गुणांनी जुळते. लग्नाचा खर्च तेवढा माझ्याकडं.

कारण इकडचे बाबू म्हणाले, "लिफाफा आमच्याकडून मिळत नाही." मी झेरॉक्सच्या दुकानातून आणला. "गोंद?" तो पण आणला. शिक्का त्यांचा स्वतःचा होता, एवढी मेहरबानी.

रांगेत माझ्या मागं एक काका होते. पांढरा सफारी, खिशाला दोन पेनं, काखेत रेक्झिनची बॅग. वीज मंडळातून रिटायर झालेले. हे मी विचारलं नव्हतं.

"काय काढून राहिली?"

"ट्रान्सक्रिप्ट, काका."

"कॅनडा?"

"जपान."

काका जरा वेळ गप्प बसले. मग मागच्या माणसाकडं वळून म्हणाले, "जपान म्हणते." त्यानं ते त्याच्या मागच्याला कळवलं. अशी ती बातमी पार जिन्यापर्यंत गेली.

"तिथं तं इंजिनीअर लोकाईले घेतात ना?"

"मी भाषा शिकायला जातेय. भाषा अन् संस्कृती."

"भाषा येते का तुले?"

"येते थोडीफार."

"मंग येते ते शिकाले कायले जातं? अन् संस्कृती का शिकाची असते? ते तं घरीच असते." त्यांनी बॅग एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतली. आता मुक्काम लांबणार हे मी ओळखलं. "कामठी पाहिली का तू?"

"पाहिली."

"ड्रॅगन पॅलेस?"

"हो काका."

"मंग झालं ना जपान! चंदनाचा बुद्ध आहे तितं. जपानच्याच बाईनं पैसा लावला, नोरिको ओगावा. १९९९ ले उद्घाटन झालं. सकाळी जा, संध्याकाळी घरी. व्हिसा नाई, काई नाई." मग आवाज खाली आणून, "अन् सासाई भंतेजी? जपानचा माणूस तो. तिकडलं सारं सोडून नागपुरात आला, इंदोऱ्यात राह्यला, आपलं नागरिकत्व घेतलं. तिकडचा इकडं आला, अन् तू इकडची तिकडं जाऊन राहिली. त्याईनं काई पाहूनच सोडलं असन ना?"

रांगेतल्या लोकांनी माना डोलावल्या.

आता यातली खरी चिडचिड सांगते. माझा संशोधनाचा आराखडा नेमका याच विषयावर आहे! साठच्या दशकापासून जपानी भिक्खू आणि जपानी देणगीदार यांचा विदर्भातल्या आंबेडकरी बौद्धांशी जो संबंध आला, तो जपानी कागदपत्रांतून कसा दिसतो, हे मला पाहायचं आहे. आपल्याला जपानी विहारांची पत्रकं, जपानी पत्रं वाचता येत नाहीत, म्हणून ही गोष्ट आपण एकाच बाजूनं सांगत आलो, असं माझं म्हणणं. 'विषय नागपूरचा असताना विद्यार्थिनी जपानला का येते' हे तिथले प्राध्यापक विचारणार, म्हणून मी त्यावर एक झकास परिच्छेद लिहून पाठ केला होता. जपानीत. काकांनी मराठीत विचारलं आणि मला तो मराठीत आठवेना.

भंतेजींच्या स्वप्नात म्हणे प्राचीन बौद्ध आचार्य नागार्जुन आले आणि 'नागपूरला जा' म्हणाले. इथं ही कथा सगळ्यांना माहीत आहे. माझ्या स्वप्नात कुणी 'टोकियोला जा' असं म्हटलेलं नाही. माझ्या स्वप्नात जीएसटीचं पोर्टल येतं आणि ते बंद असतं.

तेवढ्यात बाबूंनी हाक मारली. लिफाफा आला. चिकटवलेला, जोडावर गोल शिक्का, अर्धा झाकणावर अर्धा पाकिटावर, त्यावर तिरकी सही. इतका देखणा सरकारी कागद मी आयुष्यात पाहिला नव्हता.

"पाहू," काका म्हणाले.

मी दिला नाही. त्यांनी घेतला. आणि मी 'अहो' म्हणेपर्यंत खिशातल्या पेनाचं टोपण झाकणाखाली घालून टर्रकन फाडलासुद्धा.

"काका! सीलबंद होता तो!"

"अवं, नावाचं स्पेलिंग पाहू दे. हे लोक वानखडेचं वानखेडे करून टाकतात. मंग बसशील एअरपोर्टवर रडत." चष्मा कपाळावर, कागद नाकाशी, आवाज जाहीर सभेचा. "इंग्लिश ५२. बरं. अकाउंट्स ७१, वा! इकॉनॉमिक्स ५८. ठीक आहे, ठीक आहे. स्टॅटिस्टिक्स..." इथं काका थांबले. चष्मा खाली आला. माझ्याकडं पाहिलं, पुन्हा कागदाकडं पाहिलं. "एक्केचाळीस?"

रांग शांत.

"अन् चालली जपानले!"

मग जे हसले ते कोण कोण होते ते मी बघून ठेवलंय. हिरव्या कुर्त्यातल्या एका बाई हसल्या नाहीत, पण त्या म्हणाल्या, "जाऊ द्या हो, मोठे माणसं आहेत. चांगल्यासाठीच करतात." काकांनी कागदाची नीट घडी घालून मला परत केली. "स्पेलिंग बरोबर आहे," असं म्हणाले. मी 'थँक यू' म्हणावं म्हणून ते थांबलेसुद्धा.

फाटलेल्या लिफाफ्यावर शिक्का मारता येत नाही, हे बाबूंनी मला मोठ्या प्रेमानं समजावून सांगितलं. नवीन अर्ज, नवीन चलन, नवीन लिफाफा. "आता ऑनलाइनच आहे सगळं मॅडम. ऑनलाइन अर्ज करा, प्रिंट काढा, इथं आणून द्या." पण माझ्यासमोर फाडला ना, तुम्ही पाहिलं ना? "पाहिलं ना. पण आम्ही तुमच्या हातात सीलबंद दिला होता." हे खरंच होतं, म्हणून जास्त लागलं.

मला सांगा, पोरीच्या हातातला कागद हा चावडीवरचा कागद असतो का? मी एखाद्या काकांचं पेन्शनचं पाकीट हिसकून, फोडून, डीए किती मिळतो ते ओरडून वाचलं, तर मला पोलिसांत देतील. आणि कॅनडाला प्रोजेक्ट मॅनेजमेंट शिकायला चालले असते तर ४१ वर कुणी हसलं नसतं. तिथं काय, मार्कांपेक्षा लोन बघतात. भाषा शिकायची म्हटलं की तो शौक. शौकासाठी लागणारा लिफाफा कुणीही फाडावा. माझी अर्ध्या दिवसाची रजा गेली ती गेलीच. साहेबांना कारण काय सांगू? लिफाफा?

बाजूच्या बाकावर बसून मी नवा अर्ज भरत होते तोवर काकांचा नंबर लागला. नातवाचा ट्रान्सक्रिप्ट. कॅनडा. त्यांच्या लिफाफ्यावरही तोच गोल शिक्का, तीच तिरकी सही. काकांनी तो दोन्ही हातांनी घेतला, फुंकर मारून शाई वाळवली, बॅगेतून प्लास्टिकचं फोल्डर काढलं, त्यात घातला, फोल्डर बॅगेत, बॅगेची चेन बंद.

मी उठून त्यांच्यापाशी गेले आणि माझं पेन पुढं केलं. "काका, स्पेलिंग पाहून घ्या ना एकदा. एअरपोर्टवर रडेल तो."

काकांनी बॅग छातीशी धरली आणि एक पाऊल मागं सरकले.

"येडी झाली का वं? सील आहे त्याले!"